सहा टिंबे आणि सरकारदरबार

परप्रांती बदली होऊन गेलेल्या मराठी अधिकाऱ्याला पहिल्याच महिन्यात एक चमत्कारिक अनुभव येतो. टेबलावर अर्ज येतो. त्याची लिपी बंगाली, उडिया किंवा तामिळ असते. आणि विद्येने व अनुभवाने पक्व झालेला तो गृहस्थ तेवढ्या कागदापुरता निरक्षर ठरतो. ही निरक्षरता त्याला फारशी जाचत नाही, हेही खरे. पेशकार अर्ज वाचून दाखवितो, कारकून त्याचा गोषवारा इंग्रजीत वा हिंदीत मांडतो, आणि काम पुढे चालते. अधिकाराला दुभाषी आपोआप मिळतो. टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला तो कसा व केव्हा मिळू लागला, आणि ज्याला डोळ्यांनी वाचता येत नाही किंवा कानांनी ऐकू येत नाही अशा अर्जदारापर्यंत सरकारचा शब्द पोहोचविण्याचा विचार या देशात कोणत्या वाटांनी आला, याचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. परमुलखात सरकारी चाकरी करणाऱ्या आम्हां लोकांना तो अगदीच परका वाटू नये, म्हणून येथे त्याची थोडी ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

रयतेची भाषा राज्यकर्त्याने शिकली पाहिजे, हे तत्त्व इंग्रजी अमदानीत फार लवकर मान्य झाले. १८०० साली कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघाले ते कंपनीच्या तरुण नोकरांना एतद्देशीय भाषा शिकविण्यासाठीच. तेथे मराठी शिकविणाऱ्या विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ साली बंगालमधील श्रीरामपुराहून छापून निघाले. १८३७ च्या २९ व्या कायद्याने कंपनी सरकारने कचेऱ्यांतील फारसीची सक्ती काढून टाकण्याचा मार्ग मोकळा केला, आणि पुढील काही वर्षांत ठिकठिकाणी देशी भाषांना न्याय व महसूल खात्यांत जागा मिळाली. शेतसारा कोणत्या हिशेबाने बसला हे कुणब्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, एवढी जाणीव या बदलात होती. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

तथापि या साऱ्या सुधारणेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती. सरकार रयतेशी दोनच वाटांनी बोलत असे. एक दवंडी आणि दुसरी चावडीवर चिकटविलेला जाहीरनामा. दवंडी कानांसाठी, जाहीरनामा डोळ्यांसाठी. आंधळ्याला दवंडी ऐकू येई. पण जमिनीच्या लिलावाची तारीख, हद्दी आणि रक्कम लिहिलेला कागद त्याला दुसऱ्याच्या तोंडूनच कळे, आणि तो दुसरा पुष्कळदा त्याचा भाऊबंद, म्हणजे त्याच जमिनीचा हक्कदार असे. बहिऱ्याला कागद दिसे. पण त्याला अक्षर शिकविण्याची सोयच नसल्यामुळे त्या कागदावरील अक्षरे त्याच्या दृष्टीने नक्षीपेक्षा निराळी नव्हती. भाषा देशी झाली, तरी या दोघांच्या बाबतीत सरकार होते तेथेच राहिले.

सरकारला ही माणसे ठाऊक नव्हती असे मात्र नाही. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत आंधळे, बहिरे-मुके, कुष्ठरोगी व वेडे यांची मोजदाद होत असे. पुढे ती बंद पडली. १९८१ साली काही प्रकारांपुरती पुन्हा झाली, १९९१ साली गळली, आणि २००१ व २०११ साली परत आली. मोजले, पण विचारले नाही, असे त्या जुन्या कोष्टकांचे वर्णन करावे लागेल. कायद्याचीही तीच तऱ्हा. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही त्याने लिहून किंवा खुणांनी उघड न्यायालयात दिलेली साक्ष तोंडी पुरावाच समजावी, अशी तरतूद केली. त्या काळाच्या मानाने ही तरतूद उदार होती. पण खुणा समजणारा मनुष्य आणावा कोठून, त्याची पात्रता कोणती, याविषयी कायदा मुका होता. १८९८ च्या फौजदारी संहितेत तर, जो आरोपी वेडा नाही परंतु ज्याला कामकाज समजावून देता येत नाही, त्याचा खटला पुढे चालवावा आणि तो दोषी ठरल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवावे, असे कलम होते. समजावून देता येत नाही हा दोष आरोपीचा की समजावून देणाऱ्याचा, हा प्रश्न त्या कलमाने विचारला नाही.

पहिली खरी हालचाल सरकारी कचेरीबाहेर, शाळांत झाली. मुंबईत १८८५ च्या सुमारास बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा निघाली, कलकत्त्यास १८९३ साली. आंधळ्यांसाठी १८८७ साली अमृतसरला कुमारी ॲनी शार्प यांनी शाळा काढली. ती पुढे डेहराडूनजवळ राजपूर येथे गेली. आंधळ्यांच्या शिक्षणाला साधन तयार होते. लुई ब्रेल या फ्रेंच अंध शिक्षकाने १८२९ साली प्रसिद्ध केलेली सहा टिंबांची लिपी युरोपात हळूहळू रूढ झाली होती. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. त्यांपैकी कोणती उठवावयाची आणि कोणती नाही, याच्या त्रेसष्ट जुळण्या होतात. बोटाच्या पेरात एका स्पर्शाने मावेल एवढेच ते अक्षर.

पण हिंदुस्थानात येताच या लिपीचे आमच्या देशाच्या रीतीप्रमाणे अनेक पंथ झाले. अहमदाबादेस नीलकंठराय छत्रपती यांनी एक पद्धती बसविली. कलकत्त्यास अंधशाळेचे संस्थापक लालबिहारी शाह यांची वेगळी. उत्तरेत शेरिफ ब्रेल, दक्षिणेत तामिळ शाळांची निराळी, म्हैसुरात आणखी एक. प्रत्येक शिक्षकाने आपल्या भाषेच्या वर्णमालेला त्रेसष्ट जुळण्या आपापल्या बुद्धीने वाटून दिल्या. परिणाम असा की, एका प्रांतात शिकलेला अंध विद्यार्थी दुसऱ्या प्रांतात गेला की पुन्हा निरक्षर. आधीच उठावाचे छापखाने जवळजवळ नव्हते. जे पुस्तक मोठ्या कष्टाने हाताने टोचून तयार व्हावे ते एकाच शाळेच्या उपयोगी पडे. डोळस माणसाला प्रांत बदलला की लिपी बदलते, हे दुःख आपण जाणतोच. अंधांवर ते एकाच भाषेतदेखील ओढवे.

या गोंधळातून वाट निघाली तिला दुसरे महायुद्ध निमित्त झाले. लढाईत दृष्टी गमावलेल्या हिंदी शिपायांसाठी १९४३ साली डेहराडूनला एक संस्था उघडण्यात आली. तिचे प्रमुख सर क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे. १९१५ साली गॅलिपोलीच्या रणावर त्यांचे स्वतःचे डोळे गेले होते. त्यांच्या समितीने १९४४ साली हिंदुस्थानातील अंधत्वाविषयी सरकारला सविस्तर अहवाल दिला. त्याच दशकात मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने समिती नेमून सर्व देशासाठी एक ब्रेल ठरविण्याचा यत्न केला. ती लिपी तयारही झाली. पण तिच्यावरून अंधांच्या शाळांत मोठा वाद माजला. जगातील इतर ब्रेलवाचकांशी नाते तोडून आपले वेगळे घर बांधावे काय, हा वादाचा गाभा होता.

स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांच्या शिक्षण मंत्रालयाने १९४९ साली हा प्रश्न युनेस्कोपुढे ठेवला. हे पाऊल लहान दिसले तरी त्याचे महत्त्व मोठे आहे. नव्याने स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा वाहणारा देश जागतिक संस्थेला विचारीत होता की, माझ्या इतक्या भाषांतील आंधळ्यांना एका लिपीत कसे वाचता येईल? युनेस्कोने मॅकेन्झींनाच सल्लागार नेमिले. १९५० साली पॅरिसला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये बेरूतला परिषदा झाल्या. आणि त्याच वर्षी भारत सरकारने ‘भारती ब्रेल’ मान्य केली. मंत्रालयात या विषयाचे काम पाहणारे लाल अडवाणी हेही अंधच होते. ज्यांच्या बोटांनी ही लिपी वाचावयाची होती ती माणसे या वेळी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसली होती, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

भारती ब्रेलचे तत्त्व साधे आहे. अक्षराच्या आकाराकडे पाहू नये, उच्चाराकडे पाहावे. क हा वर्ण देवनागरीत, बंगालीत, तेलुगूत आणि मल्याळीत चार तऱ्हांनी लिहितात. पण तो उच्चारात एकच आहे, म्हणून त्याला सर्व भाषांत एकच चिन्ह. ते चिन्हही मनचे काढलेले नाही. रोमन लिपीतील त्या उच्चाराच्या अक्षराला ब्रेलने जे दिले होते तेच. डाव्या ओळीतील वरचे व खालचे टिंब म्हणजे क. त्यांना उजवीकडील वरचे टिंब जोडले की म. आणि डाव्या ओळीतील तिन्ही टिंबे म्हणजे ल. ही तीन चिन्हे ओळीने टोचली की ‘कमल’ झाले. आणि ते पुण्याच्या मुलीला, कटकच्या मुलाला आणि मंगळूरच्या म्हाताऱ्याला सारखेच वाचता येते. वेलांटी, उकार वगैरे स्वरचिन्हे व्यंजनाच्या पुढे, म्हणजे उच्चाराच्या क्रमानेच येतात. देवनागरीतील पहिल्या वेलांटीप्रमाणे उच्चार मागून आणि खूण आधी, असा उलटा प्रकार तेथे नाही. आमच्या मराठी कानाला विशेष सुख देणारी गोष्ट म्हणजे ळ. ल डाव्या ओळीतील तीन टिंबांचा, तर ळ उजव्या ओळीतील तीन टिंबांचा; जणू एकमेकांची आरशातील प्रतिबिंबे. आणि हाच ळ गुजराती, उडिया, कानडी, तेलुगू, तामिळ व मल्याळी या भाषांतही याच चिन्हाने लिहिला जातो.

यातून एक विलक्षण स्थिती उत्पन्न झाली. डोळस मराठी अधिकारी कलकत्त्याच्या रस्त्यावरील बंगाली पाटीपुढे अडखळतो. पण मराठी शाळेत भारती ब्रेल शिकलेला अंध मनुष्य बंगाली ब्रेल पुस्तकातील अक्षरे पहिल्या दिवशीच उच्चारू शकतो. लिपीच्या एकीकरणाचे जे स्वप्न अनेक विद्वानांनी पाहिले आणि जे प्रांताभिमानापुढे कधी तडीस गेले नाही, ते अंधांच्या बोटांखाली १९५१ सालीच खरे झाले. अर्थात उच्चारता येणे म्हणजे समजणे नव्हे. तामिळ शब्द वाचता आला म्हणून तामिळ कळत नाही. लिपी ही एक पायरी आणि भाषा ही दुसरी. दोन्ही चढल्यावाचून दार येत नाही.

आणि दाराविषयीच तर आमची खरी तक्रार आहे. १९५१ साली डेहराडूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना निघाला आणि शालेय पुस्तके तयार होऊ लागली. अंध मूल शिकले, मोठे झाले, त्याच्या हाती लिपी आली. पण ज्या कचेरीत त्याला निवृत्तिवेतनाचा, दाखल्याचा किंवा शिधापत्रिकेचा अर्ज करावयाचा होता, ती कचेरी त्या लिपीत ना वाचत होती ना लिहीत होती. शिक्षण खात्याने अक्षर दिले आणि बाकीच्या खात्यांनी ते ओळखले नाही. मतदानाचे उदाहरण घ्या. १९६१ च्या निवडणूक नियमांनी अंध मतदाराला खूण करण्यासाठी सोबती आत नेण्याची मुभा दिली. सोय झाली, पण मत गुप्त राहिले नाही. ते सोबत्याच्या इमानावर सोपविले गेले. मतदानयंत्रावर उमेदवारांचे अनुक्रमांक ब्रेलमध्ये उठविण्याची व्यवस्था देशभर व्हावयास २००९ ची लोकसभा निवडणूक उजाडली. भारती ब्रेल मान्य झाल्यापासून तोपर्यंत अठ्ठावन्न वर्षे लोटली होती. लिपी तयार होती; ती सरकारच्या साहित्यावर उमटण्यास एवढा अवधी लागला.

बहिऱ्यांची कथा याहून कठीण आहे, कारण तेथे प्रश्न लिपीचा नसून भाषेचाच होता. १८८० साली इटलीत मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने खुणांची भाषा शाळांतून हद्दपार करून तोंडी बोलणेच शिकवावे असा ठराव केला, आणि त्याची छाया आमच्याकडील शाळांवरही दीर्घकाळ राहिली. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखावयाचा आणि न ऐकलेला आवाज घशातून काढावयाचा, हा अभ्यास किती खडतर असतो याची कल्पना ज्याने पन्नाशीत तामिळ शिकावयास घेतली आहे त्याला किंचित येईल. किंचितच, कारण आपल्याला निदान तामिळ ऐकू तरी येते. शाळेच्या वर्गात खुणांना बंदी. पण वसतिगृहात, खेळाच्या मैदानावर मुले आपसांत हातांनी बोलत राहिली. ती भाषा त्यांना कोणी शिकविली नाही आणि ती कोणाला थांबविता आली नाही.

या हातांच्या बोलीचा शास्त्रीय अभ्यास १९७० नंतरच्या दशकात झाला. मदन वशिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणा गोळा करून त्यांचे कोश केले. शब्दांत प्रांतभेद आढळला. पण पुष्कळसा शब्दसंग्रह समान आणि व्याकरण बहुतांशी एक असल्याचे दिसले. ज्यांना आपण मुके म्हणत आलो त्यांच्यापाशी अखिल भारतीय म्हणता येईल अशी एक भाषा होती. राजभाषेच्या प्रश्नावर संसदेत आणि रस्त्यावर रणे माजत असता ही भाषा शांतपणे, कोणाच्याही अनुदानावाचून नांदत होती. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आज बावीस भाषा आहेत; त्यांत तिची गणना नाही.

सरकारने तिची दखल घेतली ती फार उशिरा आणि अडखळत. सांकेतिक भाषेच्या अभ्यासाचे एक केंद्र २०११ साली दिल्लीत एका विद्यापीठाच्या आश्रयाने सुरू झाले आणि थोड्याच काळात बंद पडले. बहिऱ्या लोकांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. नंतर २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्वतंत्रपणे स्थापन झाले. त्याच्या कोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते, २०२१ साली दहा हजार झाले. न्यायालयांतही हळूहळू फरक पडला. २०१२ साली राजस्थानातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशा साक्षीदाराचा दुभाषी त्याच्या परिसरातील असावा, परंतु खटल्यात त्याचे हितसंबंध असू नयेत, आणि त्याला शपथ दिली जावी. १८७२ च्या कायद्याने मोकळी सोडलेली जागा भरावयास अशी एकशे चाळीस वर्षे लागली. पुढील वर्षी दुभाष्याचे साहाय्य आणि साक्षीचे चित्रमुद्रण कायद्यातच आले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर एका बधिर वकील महिलेने सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या द्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे काम चालविले.

आता या दोन प्रवाहांच्या संगमाकडे वळू. आपल्या संविधानाच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे करण्याचा अधिकार दिला आहे. राज्यपुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्यांकांसाठी ज्या सवलती ठरल्या त्यांत, ज्या भागात एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक शेकडा पंधरा किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असे धोरण आहे. सीमाभागातील मराठी माणसाला या टक्केवारीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. पण येथेच जुन्या विचाराची मर्यादा दिसते. भाषेचा हक्क वस्तीच्या दाटीवर मोजला गेला. २०११ च्या जनगणनेत अपंग म्हणून नोंदलेली माणसे २ कोटी ६८ लाख होती. त्यांत दृष्टीचे व श्रवणाचे अपंगत्व असलेली प्रत्येकी सुमारे पन्नास लाख. संख्या लहान नाही. परंतु ही माणसे एका तालुक्यात राहत नाहीत. ती प्रत्येक गावात एकदोन, प्रत्येक पेठेत चारसहा अशी विखुरलेली असतात. टक्केवारीच्या चाळणीतून ती नेहमीच खाली पडावयाची. आणि त्यांतील एखादा मनुष्य परप्रांती राहणारा असला, म्हणजे बंगलोरातील मराठी अंध किंवा सुरतेतील उडिया बहिरा असला, तर तो दोन्ही चाळण्यांतून पडतो. त्याच्या भाषेची मोजणी एका खात्यात, अपंगत्वाची दुसऱ्या खात्यात. दोन्हींचा मेळ घालणारे खाते नाही.

१९९५ च्या कायद्याने अपंगांना शिक्षण व नोकरीतील सवलती दिल्या. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या करारास मान्यता दिली, आणि २०१६ च्या कायद्याने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, दृष्टिकोन बदलला. संपर्क या शब्दाच्या व्याख्येत त्याने भाषांबरोबरच ब्रेल, स्पर्श, खुणा, ठळक मोठी छपाई यांना एकाच पंक्तीत बसविले. १८३७ साली सुटलेली बाब येथे प्रथमच पुरी झाली; भाषा आणि साधन ही एकाच कर्तव्याची दोन अंगे ठरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक मार्गदर्शनासारखे ठेवणे कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारकच हवेत. आणि एप्रिल २०२५ मध्ये संगणकीय सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. दवंडी आणि जाहीरनाम्याची जागा आता पडद्याने घेतली आहे. पडदाही पुन्हा डोळ्यांसाठीच बनू नये, हा त्या निर्णयाचा आशय.

या सबंध इतिहासातून आम्हांस एकच निष्कर्ष काढावासा वाटतो. जेथे उपाय त्या माणसांना विचारून केला तेथे तो टिकला. समितीने ठरविलेल्या ब्रेलवर वाद माजला. अंधांच्या बोटांनी पारखलेली ब्रेल सात दशके उलटून गेली तरी चालू आहे. मिलानच्या ठरावाने बहिऱ्यांच्या हातांना बंदी केली. ती बंदी हरली आणि हात बोलत राहिले. कायदा मोठा असतो, पण तो टेबलापर्यंत पोहोचतो तो अधिकाऱ्याच्या एका प्रश्नाने: ‘हे तुम्हांला कोणत्या रीतीने सांगू?’ हा प्रश्न विचारण्यास शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही आणि तिजोरीतून पैही जात नाही. त्याचे उत्तर म्हणून कोणी भाऊबंदाऐवजी तटस्थ वाचक मागेल, कोणी खुणांचा दुभाषी, कोणी कागद मोठ्या अक्षरांत, कोणी तो आपल्या मायबोलीत. मागितलेले सर्व त्याच दिवशी देता येणार नाही. पण मागणी फायलीवर नोंदली गेली, तर पुढच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी रक्कम मागता येते. न नोंदलेल्या गरजेसाठी कोणत्याही सरकारने आजवर रक्कम धरलेली नाही. परभाषेच्या मुलखात राहून शब्दावाचून अडणे म्हणजे काय हे ज्यांना रोज कळते, त्यांनी ही नोंद करण्यास विलंब लावू नये.